पंखा बंद केला ती दुपार

अक्का गेल्या त्या दुपारी पंखा मी बंद केला. जळगावचा मे महिना, वर तापलेली गच्ची आणि खालच्या खोलीत गल्लीतली माणसं दाटून बसलेली. त्याआधी मी ताक द्यायला वरच्या खोलीत गेले तर अक्का खुर्चीत बसल्या जागी गेलेल्या होत्या. कोपऱ्यावरचे डॉक्टर येऊन बघून गेले, अक्कांना खाली आणून निजवलं, यांनी नातेवाइकांना फोन केले, बायकांनी रडायला सुरुवात केली... आणि मी उठून बटण दाबलं. तेव्हापासून गल्लीत लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. बोलून सांगायची मला लाज वाटते. कागदासमोर तेवढी वाटत नाही, म्हणून हे लिहिते आहे. कोणाला दाखवणार नाही.

अक्का माझी थोरली जाऊ. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. मी सोनगीरहून या घरात आले तेव्हा चौथीपर्यंत शिकलेली होते आणि ते कोणी विचारू नये म्हणून सारखी कामात राहायची. अक्का संध्याकाळी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात बसायच्या आणि उद्याचा धडा आधी माझ्यावर घेऊन बघायच्या. "सुमन, तुला कळलं की शेवटच्या बाकाला कळलं," असं म्हणायच्या. त्यांच्या मनात काही नसायचं, पण मला पोळी लाटता लाटता रडू यायचं. या घरात मी शेवटचा बाक! एकदा त्यांनी मला गव्हाची कोठी ढकलायला लावली. कोठी हलेना. "तू बल लावलंस, पण कोठी सरकली नाही, म्हणून कार्य झालं नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "अक्का, मग माझी कंबर दुखली ते काय झालं?" त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी वर्गात हाच प्रश्न त्यांनी माझं नाव घेऊन सांगितला. गल्लीतली पोरं मला बघून कंबर धरायला लागली. मी चार दिवस पाणी भरायला बाहेर पडले नाही.

डोळ्याचा धडा मात्र मी कधी विसरले नाही. भर उन्हाळ्यातली दुपार होती, दारं-खिडक्या लावून आम्ही दोघी अंधारात पडलो होतो. दाराच्या फळीला एक भोक होतं. अक्का म्हणाल्या, "भिंतीकडे बघ." भिंतीवर आमची गल्ली दिसत होती, उलटी! समोरच्यांची लूना वर चाकं करून उभी, बर्फगोळेवाला डोक्यावर चालत गेला. मी घाबरून अक्कांचा हात धरला. "डोळ्यातही असंच उलटं चित्र पडतं," त्यांनी सांगितलं. "मेंदू ते सरळ करून घेतो." मी विचारलं, "आणि माणूस मेल्यावर?" अक्का उठून बसल्या. मग म्हणाल्या, "हे वर्गात मला आजवर कोणी विचारलं नाही." मग त्यांनी सांगितलं, की मेल्यावर मेंदू थांबतो, पण डोळ्याची पुढची काच काही तास चांगली राहते. ती दुसऱ्याला बसवली तर तो माणूस बघू शकतो. ती वाळली की संपलं. "माझी द्यायची आहे. तेव्हा पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पापण्यांवर ओला कापूस. लक्षात राहील ना?" मी मान हलवली. ती गोष्ट इतक्या दूरची वाटत होती...

त्या दुपारी पंखा बंद झाल्यावर कोणीतरी तो पुन्हा लावला. बटण दाराजवळ होतं आणि तिथे पुरुष बसलेले. मी पदर ओढून त्यांच्यामधून गेले, बंद केला. कापूस भिजवून आणला. थोरली नणंद रडता रडता थांबली. "अगं, जाऊ गेली आणि तुझ्या डोळ्यात पाणी नाही?" खरंच नव्हतं. माझं सगळं लक्ष कापूस वाळतो आहे का याकडे होतं. हे आठवलं की अजून चेहरा लपवावासा वाटतो. डोळे नेणाऱ्या डॉक्टरांचा नंबर अक्कांनीच यांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवला होता. मी यांना हळूच सांगितलं. हे म्हणाले, "नानांना येऊ दे. त्यांना विचारल्याशिवाय कसं?" थोरले दीर केव्हाच गेलेले, आणि अक्कांचा मुलगा नितीन नाशिकहून निघाला होता. तो पोहोचेपर्यंत उशीर झाला असता. फोनवर रडत एवढंच म्हणाला, "नाना म्हणतील तसं करा."

नाना म्हणजे आमचे चुलत सासरे, पहूरला असतात. लग्न झाल्यापासून मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. ते आले, घाम पुसला आणि म्हणाले, "पंखा कोनं बंद केला? इथं मानसं उकडून मरतीन!" यांनी डोळ्यांचं सांगितलं. नाना भडकले. "डोये काढून द्यायचे? पुढच्या जन्मी आंधळी यील ती! तोंडाला खड्डे पडलेली बाई चितेवर ठेवता का?" सगळ्यांनी माना हलवल्या. एकाने उठून पंखा लावला. आणि मी ओरडले. हो, ओरडलेच. बोली माहेरची निघाली. "डोया न्हई काढतस नाना! पुढली काच काढतस! आक्कानं माले सांगेल शे! पंखा बंद करा!"

माझा पदर कधी खाली पडला मला कळलं नाही. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. नानांनी माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे. "इतक्या वर्षांत हिचा आवाज आज ऐकला. मले वाटे मुकी हाय." मग बटणाकडे हात करून म्हणाले, "बंद कर रे पंखा. बोलव त्याइले."

डॉक्टर आले. त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं आणि चहा उकळून गाळेपर्यंत त्यांचं काम झालंही. अक्कांच्या पापण्या मिटलेल्या होत्या, चेहरा होता तसाच. नाना वाकून बघत राहिले. "झोपेल हाय," एवढंच म्हणाले. पण त्यानंतर तेराव्यापर्यंत ते माझ्या हातचं पाणी प्यायले नाहीत. तेराव्याला पंगतीत कोणीतरी कुजबुजलं, "जावेचे डोळे हिनंच काढायला लावले. ओरडली म्हणे म्हाताऱ्यावर." मी वाढत होते. वरणाचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे सरकले. नितीन पाया पडला आणि निघाला. त्याने मला चांगलं म्हटलं असतं तर... नाही, तेही मला सहन झालं नसतं. मी बरोबर केलं हे मला कळतं. तरी नानांसमोर उघड्या डोक्याने ओरडणारी ती बाई आठवली की कान तापतात. दोन्ही खरं आहे. अक्का असत्या तर हे त्यांना विचारलं असतं.

ते डोळे कोणाला बसवले ते सांगत नाहीत. जळगावातच कोणाला मिळाले असतील, की धुळ्याकडे गेले, माहीत नाही. पण मला एक वाईट सवय लागली आहे. मी रस्त्याने मान खाली घालून चालणारी बाई, आता समोरच्याच्या थेट डोळ्यात बघते. रिक्षावाल्याच्या, गिरणीवाल्याच्या, दवाखान्यात शेजारी बसलेल्या पोरीच्या. परवा बाजारात लोणच्याच्या कैऱ्या घेताना विकणाऱ्या म्हातारीकडे अशीच बघत राहिले. तिने तराजू खाली ठेवला. "काय देखस वं माय? मन्हा तोंडले काय लागेल शे?"

मी इतकी लाजले की कैऱ्या निवडायला लागले, दाबून बघायला लागले, भाव विचारायचंही विसरले. मग पुन्हा वर बघितलं.