लागू पडणं

सकाळच्या शिफ्टसाठी बूट घालत होतो, तेवढ्यात आईचा फोन आला. "करुणा उठून नाही राहिली रे..." एवढंच ती म्हणाली. सेक्टरमधल्या माझ्या क्वार्टरपासून जुनवानीतल्या आईच्या घरापर्यंत स्कूटर कशी चालवली, ते आजही आठवत नाही. माझी धाकटी बहीण गेली, त्याला आता दीडेक महिना होईल.

बाबा भंडाऱ्याकडून भिलाईला आले आणि पोलादाच्या कारखान्यात लागले. आम्ही दोघं इथलेच; रस्त्यावर हिंदी, घरात मराठी. करुणा अकरावीत असताना बाबांना कॅन्सर झाला. मागच्या ब्लॉकमधल्या साहू काकांनाही तोच. डॉक्टर एक, औषध एक. काका बरे झाले, अजून सकाळी फिरताना दिसतात. बाबा मात्र पावसाळा संपायच्या आत गेले. करुणानं डॉक्टरांना विचारलं, असं का? ते बिचारे प्रामाणिक होते. म्हणाले, "बेटा, पहले से पता नहीं चलता." घरी येताना सायकलच्या कॅरियरवर बसून ती म्हणाली, "भाऊ, पहले से पता लागलं असतं तर?" मी पायडल मारत राहिलो.

पुढं ती कम्प्यूटर शिकली, पुण्याला राहून पीएचडी झाली आणि आईसाठी परत येऊन इथल्या कॉलेजात शिकवू लागली. संशोधन एकच : गाठीतल्या जनुकांची माहिती पाहून कोणतं औषध कोणाला लागू पडेल, याचा अंदाज मशीनला शिकवायचा. आईला ते कळेना. तेव्हा स्वयंपाकघरात बसून करुणानं समजावलं होतं, "तू वांगं हातात घेऊनच सांगतं ना, आत कीड हाय का? कसं कळते?"

"इतके वर्ष कापून राहिली ना मी."

"बस, मशीनलेबी तेच शिकवतो. खूप वांगे दाखवतो, अन् कापल्यावर काय निघालं तेबी सांगतो."

आई इतकी हसली, की हातातलं वांगं खाली पडलं.

मग करुणालाच गाठ निघाली. तपासणीत गाठीच्या जनुकांचा रिपोर्ट आला, तशी आई मागंच लागली, "तुह्या कम्प्यूटरले इचार ना." करुणा टाळत राहिली. "त्यानं आतापर्यंत काचेच्या ताटलीतल्या पेशीच जास्त पाहिल्या आई, माणसं कमी," असं म्हणायची. शेवटी एका दुपारी तिनं मशीनला विचारलंच. डॉक्टर जे औषध देणार होते, तेच लागू पडेल असं उत्तर आलं. आईनं शेजारी पेढे वाटले.

आणि खरंच, गाठ आटली. तो हिवाळा काय सुंदर गेला! आम्ही तिघं उन्हात बसून बोरं खायचो, ती विद्यार्थ्यांच्या नकला करायची, केस पुन्हा उगवले म्हणून आरशासमोरून हलायची नाही... मार्चमध्ये गाठ परत वाढली. औषध तेच, पण आता त्याचं काही चालेना.

ती रडली, नाही असं नाही. पण आठवड्याभरात तिनं गाठीचा तुकडा पुन्हा तपासायला दिला आणि तो रिपोर्ट पुण्याच्या सहकाऱ्यांना पाठवला. मी चिडलो. "सुया टोचून टोचून हात काळा पडला, अन् तुले अजून मशीनचंच पडलं हाय?"

"ते चुकलं भाऊ. कावून चुकलं ते त्याले शिकवा लागंल." मग म्हणाली, "बाबाचं कोणी काही ठेवलं नाही. माह्यं तरी राहू दे."

त्यानंतर मी तिला अडवलं नाही. मागच्या आठवड्यात पुण्याहून फोन होता. तिची माहिती त्यांनी मशीनला दिली आहे.

तिन्हीसांजेला करुणा आईला घेऊन गच्चीवर बसायची. कारखान्याकडं लोखंडाच्या भट्टीतली वितळलेली मळी ओततात, तेव्हा तिकडचं आकाश लाल होतं; ते दोघी पाहत बसायच्या. आई अजूनही दोन खुर्च्या मांडते. परवा मी दुसरीवर बसायला गेलो.

"ते नको बाबू," आई म्हणाली. मग स्वतःच उठली, पायरीवर बसली आणि शेजारची धूळ पदरानं पुसत म्हणाली, "इथं बस."