खलाशाचं पांघरूण

कोकणातल्या एका जुन्या बंदरावर समुद्री वारशाचं संग्रहालय आहे. सोलापूरहून अख्खी रात्र एसटीत काढून मी आप्पांना, म्हणजे वडिलांना, ते दाखवायला नेलं. आप्पांनी हयातभर चादरीच्या कारखान्यात माग चालवला. घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. हौस माझीच होती.

चपला बाहेर काढून आत शिरताच मुताचा आणि कुजक्या मासळीचा वास आला. तोफेवर कबुतरांची विष्ठा वाळली होती. प्लास्टरच्या खलाशाचं नाक गळून पडलं होतं आणि त्याच्या ओंजळीत कुणीतरी गुटख्याची पुडी कोंबली होती. मी ओढणी नाकाला लावली.

पुढं दोरी लावलेल्या एका खाटेवर मळकं पांघरूण अंथरलेलं होतं. पाटीवर छापलं होतं : ‘खलाशाचं हातविणीचं पांघरूण, इंग्रजी अमदानी.’

आप्पा वाकले. “अगं, ही आपली चादर हाय की!”

“आप्पा, लिहिलंय ना इथं. हातविणीचं.”

“लिवलं आसंल. ही जेकार्डची, यंत्रमागावरची चादर हाय. वर लाल बुट्टी, तर खालनं पांढरी दिसनार बग. कोपरा उलट, सोलापूर विनलेलं आसंल.”

पहारेकरी हसला. “काका, ह्या खाटेवर झोपलात काय कधी?”

आणि मी काय करावं? मीही हसले. वर आप्पांचा हात धरून म्हणाले, “चला, उगं लोकांपुढं नको.”

आप्पांनी हात सोडवून घेतला, दोरीच्या आत घातला आणि कोपरा उलटला. पांढरी बुट्टी. काठाला ठसठशीत अक्षरं : सोलापूर.

पहारेकऱ्यानं संग्रहालयाच्या साहेबांना बोलावलं. साहेब दातात काडी घालतच आले. अक्षरं वाचली आणि पहारेकऱ्याला म्हणाले, “तो कोपरा आत दुमड रे.”

“आणि पाटी?” मी विचारलं.

“मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता. समजून घ्या. अस्सल पांघरूण कसरीनं खाल्लं. खाट मोकळी ठेवायची का?”

शिकलेली म्हणून त्यांनी मला आपल्यातच धरलं होतं. चूक तरी काय त्यांची? घडीभरापूर्वी मी त्यांच्याच बाजूनं हसले होते. त्या वासापेक्षा मला माझीच जास्त किळस आली.

आप्पा एवढंच म्हणाले, “किती मळलीय. धुवून तरी घाला.”

दाराशी अभिप्रायाची वही होती. मी लिहिलं : ‘खलाशाचं पांघरूण म्हणून ठेवलेली चादर सोलापूरची आहे. अशा चादरी विणणाऱ्यानं सांगितलं. त्याच्या पदवीधर मुलीनं पाटीवर विश्वास ठेवला, बापावर नाही.’ खाली पूर्ण पत्ता घातला.

“काय लिवलंस?”

सगळं वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही.

“बराबर हाय,” आप्पा म्हणाले, माझ्याकडं न बघता, आणि चपला शोधायला लागले.