उघडी शिवण

कात्रीमावशींनी आयुष्यात एक चिंधी टाकली नव्हती. जिन्याखालच्या खोलीत शिवणयंत्रामागे बसून त्यांनी अख्ख्या गल्लीचे कपडे बेतले आणि उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या शिवल्या. गोळ्यांचंही तेच. डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या थोडं बरं वाटलं की बंद व्हायच्या आणि उरलेली पट्टी कात्रीने कापून बिस्किटांच्या डब्यात जायची. कुणाचा दात ठणकला, कुणाला खोकला झाला, की मावशी डबा उघडत.

हर्नियाचं ऑपरेशन करून घरी आल्यावर टाके लाल झाले, अंगात कसर आली. मावशींनी कुणाला सांगितलं नाही. डबा होताच. आज पिवळी गोळी, उद्या पांढरी. शेवटी परकरावर पुवाचा डाग दिसला तेव्हा लेकीने त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

सर्जनबाई तरुण आणि फटकळ. त्यांनी टाके काढले, पू तपासायला पाठवला, जखम धुतली आणि आत जाळीचं कापड भरून ठेवलं.

"आता ही शिवायची नाही," त्या म्हणाल्या.

"शिवायची नाही म्हणजे?" मावशी उसळल्या. "उसवलेला कपडा मी कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिला नाही. तुम्ही तर माणूस उसवून ठेवलंय!"

"वरून शिवलं तर पू आत कोंडेल. तळापासून भरून येऊ दे."

मावशींनी मान डोलावली. अस्तर कुजलेलं असताना वरून टीप मारू नये, हे त्यांना पटण्यासारखंच होतं.

तपासणीचा निकाल आला तेव्हा सर्जनबाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. "या जंतूंना बहुतेक औषधं लागूच पडत नाहीत. एक उरलंय, ते शिरेतून देऊ. मूत्रपिंडाला जड आहे, पण इलाज नाही. तेही लागू पडलं नाही, तर मात्र कठीण."

"माझ्या डब्यामुळे झालं का हे?"

"हे जंतू कुठून आले, ते सांगता यायचं नाही. इथूनही आले असतील. पण अशा गोळ्यांनी साधे जंतू मरतात आणि निबर तेवढे उरतात, माजतात."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशींनी तिच्या हातावर चापट मारली. "रडतेस काय? निबर म्हणे! माझ्या सासूबरोबर मी उभा संसार केलाय. हे मेले कोण लागून गेले!"

रोज जखमेतलं कापड बदलताना त्या टॉवेल दातात धरत आणि झालं की नर्सला विचारत, "तळ गुलाबी झाला का गं?" बरेच दिवस ती "अजून नाही, मावशी" म्हणे.

त्याच दिवसांत नणंद भेटायला आली. जरा वेळ उसासे टाकून झाल्यावर म्हणाली, "वहिनी, तुझा तो डबा कुठे असतो गं? माझा घसा धरलाय. दोन गोळ्या घेऊन जाते."

"नाही मिळायच्या, वन्सं."

"अगं, माझ्या भावाच्या घरातला डबा!"

"डबा तुमच्या भावाच्या घरातला, पण पोट माझं फाटलंय. बघायचंय?" मावशींनी चादरीला हात घातला तशी नणंद दोन पावलं मागे सरली. "माझ्यासाठी एकच औषध उरलंय. उद्या तुमच्यावर अशी वेळ आली तर तुमच्यासाठी तेवढंही उरायचं नाही."

"दोन गोळ्यांसाठी एवढं? मी पुन्हा पाऊल टाकायची नाही तुझ्याकडे!"

"नका टाकू. पण मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, आणि मग रुसा."

एका सकाळी नर्स वाकली आणि जखमेत नीट निरखून बघू लागली. मग हसली. ताप आधीच उतरला होता, आता तळही गुलाबी झाला होता.

जखम पुरती भरल्यावर मावशी दाखवायला गेल्या. व्रणावरून बोट फिरवून म्हणाल्या, "वाकडी झालीय हो शिवण. आमच्याकडे शिकायला असतात तर हातावर पट्टी खाल्ली असतीत." मग पिशवीतून बिस्किटांचा डबा काढून त्यांनी सर्जनबाईंच्या टेबलावर आदळला. "ह्या चिंध्या मात्र टाकायच्या. कुठे, कशा, ते तुम्ही बघा."

नणंद अजून बोलत नाही. मावशींनीही अजून तिची समजूत काढलेली नाही.