गार्डसाहेबांची चारची गाडी

आमच्या आणि गार्डसाहेबांच्या घराच्या मधात छातीएवढी एक भिंत आहे. भिंतीच्या कडेनं माझी कपड्यांची दोरी. कपडे वाळेपर्यंत पलीकडचं सगळं आपोआप कानावर येतं. मी मुद्दाम ऐकत नाही हं! दोरीवर दोनच पोलकी असली आणि ती वाळायला दोन तास लागले, तर त्यात माझा काय दोष? असे किस्से साचत जातात, घडी न केलेल्या कपड्यांसारखे. मग एक दिवस ढीग एवढा होतो की खाली बसून घड्या घालाव्याच लागतात. आज बसले आहे.

गार्डसाहेब म्हणजे मेश्रामसाहेब. मालगाडीचे गार्ड होते, छत्तीस वर्षं शेवटच्या डब्यात काढली आणि रिटायर होऊन आमच्या सिंदी रेल्वे गावात घर बांधलं. बायको शीलाताई, माझी मैत्रीण. मुलगी एकच, प्रज्ञा. ती वर्ध्याला बँकेत लागली तेव्हा पहिल्या पगारात तिनं बापाला कॉम्प्युटर घेऊन दिला. साहेबांनी आळीभर पेढे वाटले होते. आम्हाला दोन जास्तीचे.

आणि मग त्याच पोरीनं गुपचूप परीक्षा दिली, बँक सोडली आणि रेल्वेत इंजिन चालवायच्या नोकरीवर गेली. तिकडं भुसावळला!

साहेब म्हणाले, "बँकेतला पंखा सोडून इंजिनात भाजाले चालली! मले विचारलं काऊन नाई?"

ती म्हणाली, "विचारलं असतं तर जाऊ देल्लं असतं का?"

बस्स. वर्ष झालं, बापलेक एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. फोन येतो तो शीलाताईला. साहेब तेव्हा अंगणात झाडांना पाणी घालतात. पावसाळ्यातसुद्धा!

*

साहेबांना एक गेम सापडली होती. इंटरनेटवरची रेल्वेची गेम. एक जण ड्रायव्हर, एक जण गार्ड, दोघं आपापल्या घरी बसून एकच गाडी चालवायची. साहेब खूश. पण कॉम्प्युटर जुना झाला, त्याच्यातलं विंडोज एक दिवस उघडेचना. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, फेका हे."

"पोरीनं देल्लेली वस्तू फेकत असतेत का?" साहेबांनी त्यालाच घराबाहेर काढलं.

मग बाजारओळीत टायपिंग-कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या डेहनकर मॅडम आल्या. त्यांनी त्यात लिनक्स नावाचं फुकट मिळणारं काहीतरी टाकलं आणि कॉम्प्युटर उठून बसला. पण गेम काही चालेना. पडद्यावर लाल अक्षरं आली, ही सिस्टीम आम्ही सपोर्ट करत नाही.

मॅडम म्हणाल्या, "साहेब, गेम विंडोजची भाषा बोलते, हा आता लिनक्सची समजते. मधात एक दुभाषा बसवावा लागेल. चालेल, पण कंपनीचा सपोर्ट नसणार."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मॅडम, छत्तीस वर्षं मी शेवटच्या डब्यात एकटा बसलो. मले कोणाचा सपोर्ट होता?"

दुभाषा बसवला!

*

आता ही गेम सुरू करायची पद्धत ऐका. दर रविवारी, दुपारी चारला. साहेब आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, डबा घेऊन बसतात. डबा! स्वयंपाकघर दहा पावलांवर, तरी डबा. रिटायर झाले त्या दिवशी लाल-हिरव्या झेंड्या सरकारजमा केल्या होत्या, तर दुसऱ्या दिवशी शीलाताईच्या ब्लाउजपीसच्या नव्या शिवून घेतल्या. खुर्चीत बसून हिरवी झेंडी पडद्यासमोर हलवल्याशिवाय गेमचं बटण दाबत नाहीत.

शेजारी रजिस्टर. दर रविवारची नोंद. 'निघायची वेळ १६.००. निघाली १६.२२. लेट २२ मिनिटं. कारण: दुभाषा उठला नाही.' 'लेट ४० मिनिटं. कारण: आवाज आला, चित्र आलं नाही.' 'लेट १० मिनिटं. कारण: मांजर.'

एका रविवारी त्यांनी आतूनच ओरडून विचारलं, "शीला, चहा अजून काऊन नाई आला?"

शीलाताईनं चहा आणून ठेवला, रजिस्टर ओढलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, 'चहा लेट ३५ मिनिटं. कारण: नवरा.'

साहेबांनी खाली सही केली. नियम म्हणजे नियम!

*

त्या दुभाष्याची एक खोड होती. गेम चालायची, पण माइक काही चालायचा नाही. ड्रायव्हरचं बोलणं साहेबांना ऐकू येईना, साहेबांचं ड्रायव्हरला जाईना. मॅडम तीनदा येऊन गेल्या. शेवटी दमून म्हणाल्या, "राहू द्या साहेब, हॉर्न तर वाजतो ना?"

साहेब म्हणाले, "हॉर्नच पुरे. आमच्यात ड्रायव्हर-गार्ड बोलतेत कुठं? ड्रायव्हरनं दोन बारक्या शिट्ट्या मारल्या म्हंजे, गार्ड, झेंडी दाखव. झेंडी दिसली की एक लांब शिट्टी मारून गाडी काढायची. गार्डच्या झेंडीशिवाय गाडी हालत नाई."

आणि माइक चालतो का बघायला त्यांनी खरी शिट्टी काढून पूर्ण ताकदीनं वाजवली. नेमके आमचे हे स्कूटरवरून दुकानात निघाले होते. ट्रॅफिक पोलीस समजून कचकन ब्रेक मारला, दोन्ही हात वर केले आणि मागे न बघताच म्हणाले, "साहेब, हेल्मेट घरीच राह्यलं, आत्ता आणतो!"

आणि आणलं! अर्ध्या वाटेतून परत येऊन. तेव्हापासून रोज घालतात. मी दहा वर्षं सांगत होते.

*

आता तुम्ही विचाराल, त्या गेममध्ये साहेबांचा ड्रायव्हर कोण? मीही तेच विचारलं. शीलाताईला. ती भाजी निवडत होती, वर न बघता म्हणाली, "असन कोणी."

पण मी काही काल जन्मले नाही. शीलाताईचा फोन ओट्यावर पडलेला, त्यावर मेसेज उजळला. मी वाचला नाही, दिसला! प्रज्ञाचा. 'आई, बाबाचा कॉम्प्युटर सुरू झाला का? मी प्लॅटफॉर्मवर गाडी घेऊन उभी आहे.'

मी शीलाताईकडे बघितलं. ती माझ्याकडे. मग म्हणाली, "सुमनबाई, त्यायले माहीत आहे. तिलेही माहीत आहे. पण दोघंही तसं म्हणत नाई, तं तुमीही म्हणू नोका."

एवढं मोठं गुपित माझ्या पोटात! मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी मी भिंतीशी. आतून गाडीचा खडखडाट, आणि एकदम साहेबांचा आवाज, "अरे अरे अरे, घाटात एवढी स्पीड? हिले पास कोणी केलं!" आणि त्यांनी गार्डचा ब्रेक ओढला. गाडी बोगद्यात उभी!

शीलाताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हिले म्हंजे कोणाले वो?"

आतून खुर्ची करकरली.

"गाडीले!" साहेब म्हणाले.

*

एक माझीही चूक सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही दुसऱ्यांचंच सांगते. साहेब पोस्टमनकडं सही करायला बाहेर गेलते. मी वाटीभर कढी द्यायला आत गेले. कॉम्प्युटरवर इंग्रजीत काहीतरी आलं आणि खाली दोन बटणं. एक मोठं निळं, एक बारीक. मला वाटलं, एवढं मोठं बटण दिलंय तर तेच दाबायचं असणार!

साहेब आले तेव्हा पडद्यावर एक रेघ हळूहळू पुढे सरकत होती.

"वहिनी, हे कोणी दाबलं?"

"त्यानंच विचारलं होतं साहेब. मी फक्त हो म्हटलं!"

ते अपडेट होतं. दुभाषा पार बसला. तीन रविवार गाडी बंद! साहेबांनी भिंतीवर माझ्या बाजूनं लाल झेंडी खोचून ठेवली. मी कपडे घरात वाळवले.

तिसऱ्या रविवारी शीलाताई हळूच म्हणाली, "पोरगी रोज विचारून राह्यली, बाबाची तब्येत बरी आहे ना. आणि हे रोज विचारतेत, फोन आलता का, काय म्हणत होती, जेवते का वेळेवर."

मी तडक डेहनकर मॅडमच्या क्लासवर गेले. क्लासमधल्या वीस पोरींसमोर हात जोडले. "मॅडम, माझ्या पापातून मला सोडवा!" मॅडमनी क्लास लवकर सोडला. संध्याकाळपर्यंत दुभाषा उठला, आणि लाल झेंडी निघाली.

*

मग कंपनीचंच पत्र आलं. ईमेल. पुढच्या महिन्यापासून ज्या सिस्टीमला सपोर्ट नाही, तिला गेममध्ये शिरता येणार नाही. लबाडी करणारे लोक त्या वाटेनं घुसतात म्हणे.

साहेबांनी फुलस्केप कागदावर अर्ज लिहिला. 'मा. महोदय, अर्जदार सेवानिवृत्त असून सेवाकाळात एकही डाग नाही. सबब अर्जदारास लबाड समजण्यात येऊ नये.' मॅडमनी इंग्रजीत करून पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, तुमचं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे.

साहेब म्हणाले, "पाच मिनिटांत उत्तर आलं म्हंजे कोणी वाचलंच नाई."

मॅडम म्हणाल्या, "नवा कॉम्प्युटर घ्या, पहिल्या दिवशी चालेल."

"हाच चालवाचा आहे."

शीलाताईचा मात्र त्या दिवशी तोल सुटला. "अहो, दहा आकडे दाबाचे असतेत फोनवर! त्याले ना दुभाषा लागत, ना अपडेट!"

साहेब उठले आणि झाडांना पाणी घालायला गेले. सकाळीच घातलं होतं. मिरचीचं रोप त्यातच मेलं.

महिना संपला. मॅडमनी सगळे उपाय करून बघितले, पण गाडी आत शिरेना. साहेबांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'गाडी रद्द.' कारणाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. कॉम्प्युटरवर धूळ बसू नये म्हणून शीलाताईनं हिरवी झेंडी त्याच्यावर पांघरली.

*

त्याच्या पुढच्या रविवारची गोष्ट. चार वाजले. साहेब आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून अंगणात खुर्ची टाकून बसले. मांडीवर डबा. समोर काही नाही. मी दोरीवरचे वाळलेले कपडे परत एकदा वाळत घातले.

सव्वाचार झाले. साहेब घड्याळ बघायचे, परत मांडीवर हात ठेवायचे. शीलाताई तीनदा दारात येऊन गेली. चहाचं नाव नाही.

आणि फाटकाबाहेर शिट्टी. तोंडानं मारलेली. दोन बारक्या.

प्रज्ञा! खांद्यावर बॅग, उन्हानं चेहरा काळवंडलेला, केस विस्कटलेले. फाटक उघडंच होतं. पण ती आत येईना. बाहेरच उभी, अगदी सरळ.

मला हाक मारायची होती. शीलाताईनं भिंतीपलीकडून माझ्याकडे असं बघितलं की मी दोरीवरचा चिमटा काढून दातात धरला.

साहेबांनी घड्याळ बघितलं. वर्षभरानं पोरीशी पहिला शब्द बोलले.

"बावीस मिनिटं लेट. कारण?"

प्रज्ञा म्हणाली, "गार्डनं झेंडी नाई दाखवली."

साहेब उठले. डबा खुर्चीवर ठेवला आणि तिच्याकडे पाठ करून सरळ घरात निघून गेले. शीलाताईनं तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, संपलं! आता हा माणूस काही बाहेर येत नाही.

आतून काहीतरी खसकन ओढल्याचा आवाज आला.

साहेब पायरीवर आले. शर्टाची वरची गुंडी लावली, उजवा हात खांद्याच्या वर नेला आणि ब्लाउजपीसची ती हिरवी झेंडी हलवली. धूळ उडाली.

फाटकातून एक लांब शिट्टी आली.