मास्कवरचा श्रीकार

आमच्या घरात श्रीकाराशिवाय कागदाला शाई लागत नाही. किराण्याची यादी असो वा नळाला पाणी येत नसल्याचा अर्ज, माथ्यावर ‘श्री’ हवाच. एकदा धोब्याच्या चिठ्ठीवरही मी तो घातला, तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले होते, की लक्ष्मीने आता तुमची धोतरेही मोजायची काय. त्यामुळे पुण्यात चिपचे आराखडे करणारी आमची कन्या दिवाळीत ब्राह्मणपुरीला आली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर तिने रंगीत पट्ट्यांचे एक अफाट नगर दाखवले, तेव्हा मी स्वाभाविकपणे विचारले, “सगळे उत्तम. श्री कुठे आहे?”

ती हसली. परंतु वरिष्ठांची परवानगी काढून, आराखड्याच्या एका मोकळ्या कोपऱ्यात, केसाच्या जाडीहूनही लहान असा श्रीकार तिने खरोखरच बसवला. ही वार्ता मी मारुतीच्या पारावर सांगितली, शहाद्याच्या एस.टी.त सांगितली, साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या यच्चयावत मंडळींना सांगितली. देवालाही सांगितली. त्याने ती संपूर्ण ऐकली, कारण मूर्तीला मध्येच उठून जाता येत नाही.

फाल्गुनात आपल्या आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ती पुन्हा आली, ती काम घेऊनच. फाइल पुण्याच्या सर्व्हरवर होती. ही माडीवर बसून इथून आज्ञा सोडत होती. चिप घडवण्यापूर्वी तिच्या आराखड्याचे काचेवर साचे काढतात, त्यांना मास्क म्हणतात. ते काढणारे यंत्र परदेशात, आणि त्याला आराखड्याची मूळ भाषा कळत नाही. फाइल त्याच्या भाषेत रूपांतरित करून संध्याकाळच्या आत पोहोचवायची होती. न पोहोचल्यास यंत्र दुसऱ्याच्या कामाला जुंपले जाणार आणि हिचे काम कित्येक आठवडे मागे पडणार. ही जबाबदारी तिच्या एकटीवर प्रथमच आली होती.

दुपारी चहा घेऊन वर गेलो, तर कन्या कपाळाला हात लावून बसलेली.

“काय अडले?”

“काही नाही, बाबा.”

“काही नसताना इतका घाम येत नाही.”

तिने पडदा माझ्याकडे वळवला. मग म्हणाली, “तुमचा श्री अडलाय.”

तिने सांगितले ते असे. त्या यंत्राला वळण ठाऊक नाही. प्रत्येक आकृती ते आयतांत आणि समलंब चौकोनांत तोडून घेते. आराखड्यातल्या सरळ पट्ट्या निमूट तुटल्या होत्या. श्रीकाराच्या वेलांटीचा मात्र भुगा झाला होता, आणि तो इतका बारीक, की तपासणीत सबंध फाइलच नाकारली जात होती.

“मग सकाळपासून काय करते आहेस?”

“तो जाड करून पाहिला, ताणून पाहिला. दर वेळी नवं रूपांतर, दर वेळी नकार.”

“काढून का टाकत नाहीस?”

“कसा काढू? साऱ्या तालुक्याला सांगून बसलात तुम्ही!”

जिन्यावरून काळा चष्मा लावलेल्या सौभाग्यवती अहिराणीत कडाडल्या, “काढी टाक वं बेटा! यासना देवले तठे वाचाले चष्मा शे का?”

मी चहा खाली ठेवला आणि देवाचा विचार केला. आमच्या देवाला कित्येक वर्षांत वस्त्र मिळालेले नाही. ‘वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि’ म्हणून मी तांदूळ वाहतो, आणि तो बापडा त्या तांदळांतच थंडी काढतो. त्याचे जानवे तांदूळ, त्याचे दागिने तांदूळ. आजवर त्याने तक्रार केलेली नाही; करणार तरी कोणाकडे? पूजा मीच करतो.

“तुझ्या यंत्राला सर्वांत सोयीची आकृती कोणती?”

“साधा आयत.”

“मग श्री काढ आणि त्या जागी एक आयत ठेव. श्रीकारार्थे अक्षता.”

“चालतं असं?”

“चालते? आमचे निम्मे कर्मकांड त्यावर चालते. शिवाय अक्षता अखंड असाव्या लागतात. देवाला भुगा वाहण्यापेक्षा हे अधिक शास्त्रशुद्ध आहे.”

तिने वरिष्ठांना फोन करून बदलाची अनुमती घेतली. श्री गेला, आयत आला, रूपांतर पुन्हा सुरू झाले. मग मूळ आराखडा आणि रूपांतरित फाइल एकमेकांवर ठेवून तिने फरक शोधला. लहानपणी वेदपाठशाळेत आम्ही संहिता आणि तिचे शब्द सुटे केलेला पदपाठ असेच ताडून पाहत असू. तिथे फरक निघाला तर छडी मिळे. इथे फरक निघाला नाही. यंत्राची तपासणीही पार पडली. पाठवण्यासाठी उचललेले तिचे बोट मात्र थबकले.

“बाबा, आत्ता राहुकाळ आहे ना?”

होता. तिला लहानपणापासून तो पाहायला शिकवणारा मीच.

“यंत्र परदेशात आहे,” मी म्हणालो. “तिथला सूर्य वेगळ्या वेळी उगवतो. पाठव.”

फाइल गेली. सांजवातीच्या सुमारास ती धड पोहोचल्याचा आणि यंत्राच्या रांगेत लागल्याचा निरोप आला. कन्या जिन्यावरून धावत उतरली आणि आईच्या गळ्यात पडली. “डोया सांभाय वं मन्हा!” म्हणत आईनेही तिला सोडले नाही.

रात्री पानावर बसताना मी सुचवले, की अशा दिवशी शिरा हवा होता. सौभाग्यवतींनी माझ्या ताटात भाताचा डाव रिकामा केला आणि अत्यंत शुद्ध उच्चारात म्हणाल्या, “शिऱ्यार्थे भात समर्पयामि.”