खंडेनवमीचा कॅमशाफ्ट
झेंडूचा वास आला की मला इंजिन ऑइल आठवतं. हिंजवडीत नोकरीला असताना नवऱ्याने आणि मी जुन्या गाडीला टर्बो बसवला आणि हौसेने इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्टही, रेसिंगचा घातला. गाडी उभ्या जागी झकास गुरगुरायची, पण पळेना. शेजारचे काका म्हणाले, "अहो, दमा झालाय तिला." खरंच होतं, त्या कॅमशाफ्टमुळे हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहायचे आणि टर्बोने कोंबलेली हवा बाहेर निसटायची. आम्ही नाव दिलेली गाड्यांची शर्यत दसऱ्याला, आणि मूळचा साधा कॅमशाफ्ट सासूबाईंनी खंडेनवमीच्या पूजेत मांडलेला. "पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नसतो," त्या म्हणाल्या आणि स्वतःच तो उचलून माझ्या हातात दिला, "पण हरायचंही नसतं." दुसऱ्या दिवशी गाडी अशी सुटली की मी आनंदाने ओरडतच राहिले. यंदा आमच्या इलेक्ट्रिक गाडीसमोर हळदकुंकू घेऊन त्यांनी विचारलं, "ह्यात कॅमशाफ्ट कुठे आहे गं?"