पाचवीचा फोटो

"काच ती काच. चौपट पैसे कशाचे?"

हे वाक्य माझं आहे. पत्रकाच्या डोक्यावर जाड टायपात मीच बसवलं होतं, आणि छापून आल्यावर त्याच्याकडं बघून मला फार बरं वाटलं होतं.

नांदेडला आमची सात-आठ पोरांची टोळी आहे. ग्राहकांच्या बाजूनं भांडायचं, निवेदनं द्यायची, पत्रकं काढायची हा आमचा उद्योग. त्या वर्षी मी मोबाईलच्या दुकानांवर घसरलो होतो. फुटलेला डिस्प्ले बदलायला गेलं की दुकानदार दोन भाव सांगतो, ओरिजिनलचा एक आणि कॉपीचा एक. फरक काय म्हणून विचारलं की ॲमोलेड, एलसीडी असले शब्द तोंडावर फेकतो. समोरच्याला कळू नये म्हणून जिथं शब्द वापरले जातात तिथं लूट असतेच, असं माझं ठाम मत होतं. बऱ्याच बाबतीत आजही आहे. पण डिस्प्लेवर मी जे लिहिलं ते अर्धा दिवस नेटवर वाचून आणि एका दुकानात भांडून. दोन्ही पडद्यांवर तोच मेसेज दिसतो, तोच व्हिडिओ दिसतो, तोच फोटो दिसतो, मग जास्तीचे पैसे फक्त नावाचे, असं ते पत्रक सांगत होतं. हदगावपासून मुखेडपर्यंत बाजाराच्या दिवशी आम्ही ते वाटलं. लोकांनी घडी करून खिशात ठेवलं. पत्रक खिशात जाणं ही आमच्याकडं मोठी गोष्ट असते, बहुतेक वेळा ते भेळेखाली जातं.

मुखेड तालुक्यातल्या एका गावात माझी सख्खी मावशी सरकारी आरोग्य खात्याची आशा कार्यकर्ती म्हणून काम करते. बाळंतिणींना दवाखान्यात नेणं, बाळाला ठरल्या दिवशी घरी जाऊन बघणं, वजन, ताप, लसीच्या तारखा, सगळं तिच्याकडं. त्यासाठी लागणारा फोन मात्र तिचा स्वतःचा. मावसभावानं आपला जुना, चांगल्यातला फोन तिला दिला होता. तो मुखेडच्या स्टँडवर बसमधून उतरताना पडला आणि पडद्याचा चुरा झाला. ती थेट नांदेडला माझ्याकडं आली. माझं पत्रक तिनं वाचलेलं होतं, शिवाय गावात चार जणांना वाचून दाखवलं होतं.

मी तिला ज्या दुकानात नेलं तिथले चाचा पन्नाशीचे, आयुष्यभर घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करून आता मोबाईलवर आलेले. मी आत शिरताच म्हणाले, "या, लीडर. आज कुणाला लुटायचं ते तुम्हीच सांगा." फोन उघडून बघितल्यावर मात्र त्यांनी चेष्टा सोडली. हा ॲमोलेड आहे, म्हणाले. यात एकेक ठिपका स्वतः पेटतो, काळं दाखवायचं तर ठिपका विझतो. तुम्ही मागताय ती कॉपी एलसीडी आहे. तिच्या मागं पांढरा उजेड कायम पेटलेला असतो आणि पुढं रंगाची चाळणी. बोटाचा ठसा तिच्यावर चालणार नाही, कारण ठशाची यंत्रणा ॲमोलेडच्या काचेतून बघते. मेसेज वाचाल, फोन उचलाल, सगळं होईल. "पण रंगाची गॅरंटी मी देणार न्हाई."

"तिला काय सिनेमे बघायचेत का, चाचा?" मी म्हणालो.

मावशी हसली. चाचाही हसले. कॉपी बसली. पैसे वाचवल्याच्या आनंदात मी मावशीला उसाचा रस पाजला.

चार दिवसांनी तिचा फोन आला. ठसा चालत नाही, म्हणाली. मी म्हणालो, नंबर टाक. मग म्हणाली, "आन् सगळं निळं निळं दिसून राहिलं रे बाबा. नातीचा फोटो बघितला तर थंडीनं काकडल्यासारखी दिसती." मी तिला एक छोटं भाषणच दिलं. जुन्या पडद्यावर रंग भडक करून दाखवायचे, लोकांना भुलवायला. हा साधा आहे, डोळ्याला सवय होईल. तिला सवय झाली. हे मी नीट लिहितोय, कारण तिनं तक्रार केली होती आणि ती मी उडवून लावली होती.

पुढचं मला मावशीनं नंतर सांगितलं.

गावापासून लांब शेतातल्या वस्तीवर एक पहिलटकरीण होती. नवरा हैदराबादकडं बांधकामावर. बाळंतपण दवाखान्यात नीट झालं, मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी मावशी वस्तीवर जाऊन बाळ बघून आली, तेव्हा रंग बरा होता. पुढची भेट सातव्या दिवशी. मध्ये पाचवा दिवस. त्या दिवशी आमच्याकडं पाचवी पुजतात. बाळाला तेल-हळद लावून न्हाऊ घालतात, सटवाईपुढं ठेवतात. त्याच दिवशी मावशीला तालुक्याला मीटिंग होती. कामाची माहिती मोबाईलमध्ये कशी भरायची, याची मीटिंग. दुपारी तिला वस्तीवरून बाळाचा फोटो आला. पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर उघडं लेकरू, दाराच्या उजेडात काढलेलं. खाली बाळाच्या आईनं, त्या पोरीनं, लिहिलं होतं की ताई, बाळ पिवळं दिसतंय का बघा, सासूबाई म्हणतात पाचवीच्या हळदीचं आहे.

मावशीनं फोटो उघडला, बोटांनी मोठा केला. शेजारच्या बाईलाही दाखवला. दोघींना पिवळं दिसलं नाही. तिनं लिहिलं, "मला तर पिवळं न्हाई दिसत. हळदीचंच आसंल. अंगावर पाजत राहा, परवा येते."

परवा ती गेली तेव्हा बाळ मान टाकून पडलं होतं. दूध ओढत नव्हतं. तळपायापर्यंत पिवळं. मावशीनं त्याच पावली ॲम्ब्युलन्स बोलावली आणि नांदेडच्या दवाखान्यात आणलं. नांदेडात माझी ओळखपाळख म्हणून मला फोन केला. मी पोचलो तेव्हा मुलगी डोळ्यांवर पट्टी बांधून काविळीवरच्या निळ्या उजेडाखाली होती. त्या रात्री तिचं रक्त बदललं. मी रक्तासाठी पोरं उभी केली, फॉर्म भरले, वॉर्डातल्या माणसाशी भांडलो. मला वाटत होतं मी फार कामाचा माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर मावशीनं मला तो फोटो दाखवला. "बघ बरं तू. ह्यात कुठं पिवळं हाय?"

नव्हतं. लेकरू गोरंगोमटं, जरा निळसर छटेचं दिसत होतं. मी म्हणालो, नाही दिसत. तिला धीर आला. मग मी तो फोटो माझ्या फोनवर घेतला. का घेतला, आज सांगता येणार नाही. कदाचित दवाखान्याविरुद्ध काही लिहावं असं डोक्यात असेल, तशी माझी सवय आहे. माझ्या फोनला कंपनीचाच ॲमोलेड आहे. उघडला, आणि कपाळ, छाती, पोट सगळं पिवळं. धोतराचा तुकडा पांढरा आणि त्यावर पिवळं लेकरू. मावशी शेजारीच बसली होती. मी फोन खिशात टाकला आणि चहा आणतो म्हणून उठलो.

मावशी दुपारी वॉर्डात गेली तेव्हा तिचा फोन घेऊन मी चाचांकडं गेलो. दोन्ही फोन काउंटरवर ठेवले. चाचांनी स्वतःचा जुना फोन काढला, तो एलसीडीचा, पण कंपनीतून आलेला तसाच. त्याच्यावरही तोच फोटो घेतला. तीन फोन शेजारी शेजारी, तिन्हींचा उजेड पूर्ण वाढवलेला. माझ्या फोनवर मुलगी गडद पिवळी. चाचांच्यावर त्याहून फिकी, पण पिवळीच. मावशीच्या फोनवर निरोगी.

चाचांनी तीनही फोनचे उजेड कमी केले. मग शांतपणे सांगायला लागले. एलसीडी वाईट नसते. कंपनीची एलसीडी मोजून, रंग जुळवून येते. ही कॉपी कुणी जुळवत नाही. मागचा उजेड स्वस्तातला, त्यात निळं जास्त, आणि निळं चढलं की पिवळं मरतं. तुमचा ॲमोलेडसुद्धा खरा नाही, म्हणाले, तो जरा जास्तच रंगवून दाखवतो.

"मग खरा रंग कोणता, चाचा?"

"लेकराच्या अंगावर होता तो."

त्यांनी मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ते तीनही फोन पुसून देत होते. मीच म्हणालो, तुम्ही त्या दिवशी जोर लावून सांगायचं होतं. म्हणजे त्या क्षणीही मी दोष देण्यासाठी माणूस शोधत होतो. ते फक्त म्हणाले, "तुम्ही ऐकायला आला नव्हता, बेटा." लीडर म्हणाले नाहीत.

मी चार दिवस मावशीला सांगितलं नाही. बाळ घरी गेल्यावर सांगितलं, तिच्या ओसरीवर, दोन्ही फोन समोर ठेवून. तिनं दोन्हीकडं बघितलं आणि माझा फोन पालथा घातला. पत्रकाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. म्हणाली, उजेडात, उघडं करून, कपाळावर बोट दाबून बघायचं, असं तिला शिकवलं होतं. फोटोत बघ म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. मी चिडून म्हणालो, मग मीटिंगच्या दिवशी वस्तीवर कोण जाणार होतं? फोन तुझा, रिचार्ज तुझा, जबाबदारी तुझी, यात तुझी काय चूक? माझी वाक्यं पत्रकातल्यासारखीच निघत होती. सगळी खरी होती आणि त्यातलं एकही त्या मुलीच्या उपयोगाचं नव्हतं.

मी दुसरं पत्रक लिहायला बसलो. चूक दुरुस्त करणारं. कच्च्या कागदावर एवढंच लिहून झालं की आमच्या आधीच्या पत्रकातली माहिती चुकीची होती. पोरं म्हणाली, असं छापलं तर पुढं आपलं कोण ऐकेल? मी त्यांच्याशी भांडलो, आणि छापलंही नाही. मुखेडच्या दोन दुकानांत पहिलं पत्रक अजून चिकटवलेलं आहे. गिऱ्हाईक त्याच्याकडं बोट दाखवून कॉपी मागतं.

डॉक्टरांनी कान तपासायला सांगितलं होतं. कावीळ डोक्यात चढली तर आधी कानाला लागते, म्हणाले. मुलगी तीन महिन्यांची झाली तेव्हा लातूरची तारीख मिळाली. मावशी, ती पोर, बाळ आणि मी, सकाळच्या एसटीनं गेलो. सासू आली नाही. मी का गेलो याचं कारण त्या पोरीला माहीत नव्हतं. ती मला दादा म्हणत होती, दवाखान्यात धावपळ करणारा भला माणूस समजत होती. मी ते समजू देत होतो. आयुष्यभर दुसऱ्याची चूक चव्हाट्यावर मांडणाऱ्या माझ्याच्यानं बसमध्ये शेजारी बसून दोन वाक्यं बोलवली नाहीत.

बाळाला झोपवून डोक्याला तारा लावल्या. तासाभरानं कागद हातात आला. समजावून सांगणाऱ्या बाईंनी हळू आवाजात सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आम्ही बाहेर झाडाखालच्या कट्ट्यावर येऊन बसलो. बाळ जागं झालं होतं, आईच्या गळ्यातले मणी ओढत होतं.

मावशीच बोलली. तिनं सगळं सांगितलं, पडदा बदलला होता, त्यात रंग चुकत होता, म्हणून तिला पिवळं दिसलं नाही. माझं नाव तिनं घेतलं नाही. "माझ्या हातनं झालं बाई," म्हणाली, "मी यायला पायजे होतं."

ती पोर खाली बघत होती. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर ओरडेल, आणि दोन्हींची मी वाट बघत होतो. ती म्हणाली, "ताई, हळद मी धुतली होती. गरम पाण्यानं, दोनदा. निघाली न्हाई." मग थोड्या वेळानं, "मला फोनमधीबी पिवळंच दिसत व्हतं. पण तुम्ही न्हाई म्हणून लिवलं. मला वाटलं माझीच नजर चुकली."

मावशीनं पदर तोंडाला लावला. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी कागद उलगडून वाचायला लागलो, जणू त्यात अजून काही लिहिलेलं असेल.

"दादा, काय लिहिलंय त्याच्यात? ऐकू येणारच न्हाई का?"

दोन्ही कानांना मशीन लावायचं, मी म्हणालो. लावलं तर थोडं येईल.

"थोडं म्हंजे किती?"

बाळानं मणी तोंडात घातले होते. ती ते काढून घेत होती, आणि उत्तरासाठी माझ्याकडं बघत होती.